आवाज थांबल्यानंतर

हिंदुराव चौगुल्यांचा आवाज गेला तो भर मैदानात, बोलता बोलता. २०४१ सालचा फेब्रुवारी महिना होता. शेवटची कुस्ती लागली होती, वीसेक हजार माणसं माना उंचावून बसली होती आणि हिंदुराव चाळीस वर्षांच्या सवयीने माइक हातात धरून कुस्तीचं निवेदन करत होते. "पोरानं पट काढला, आणि..." एवढं म्हणाले आणि पुढचा शब्द आलाच नाही. लोकांना वाटलं, स्पीकर बिघडला. स्पीकर ठीक होता. त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती.

तीन महिन्यांनी ते कोल्हापुरातल्या आमच्या पुनर्वसन केंद्रात आले. मी तिथे वाचा-उपचार करते. ज्यांची भाषा आजाराने हिरावून घेतली, त्यांना ती थोडी थोडी परत मिळवून द्यायची, हे माझं काम. हिंदुरावांचा उजवा हात लुळा होता, चालणं काठीवर. आपण बोललेलं त्यांना सगळं समजत होतं, पण त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "बघा." पाणी हवं असलं तरी बघा, नको असलं तरी बघा. रडू फुटलं तरी तेच.

"घरात हे कधी बोललेच न्हाईत, डॉक्टरीणबाई," त्यांची बायको शालनताई पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या. "सगळं बोलणं मैदानात संपवून यायचे. आता मैदान बी गेलं."

पण त्या आल्या होत्या दुसऱ्याच कारणासाठी. रोज दुपारी साडेचारच्या सुमाराला हिंदुरावांना झटका यायचा. फिटचा नव्हे, घाबरण्याचा. अंगाला घाम, छातीत धडधड, डोळे विस्फारलेले. चांगला हात दाराच्या चौकटीला असा घट्ट धरायचा की बोटं सोडवावी लागत. तासभर चाले. मेंदूच्या डॉक्टरांनी गुंगीचं औषध सुरू केलं होतं आणि डोस वाढवायचा त्यांचा विचार होता. माझा जीव त्यावरच अडकला होता. पक्षाघातानंतरचं पहिलं वर्ष भाषा परत येण्यासाठी सगळ्यात मोलाचं असतं. ते गुंगीत गेलं, तर हिंदुरावांकडे जन्मभर 'बघा' एवढंच उरलं असतं. मी चार आठवडे मागून घेतले.

आता थोडं शास्त्र सांगायला हवं. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा पेशींचा एकेक पुंजका असतो. धोक्याची घंटा वाजवणं हे त्यांचं काम. साप दिसला की वाजते, साहेबांचा फोन आला तरी वाजते. या शतकाच्या सुरुवातीलाच संशोधकांना एक गोष्ट दिसली होती. माणसाने आपल्याला काय वाटतंय ते शब्दांत मांडलं, की कपाळामागचा एक भाग जागा होतो आणि घंटा मंदावते. समजूत घालावी लागत नाही, उपाय सांगावा लागत नाही. वाटतंय त्याला नुसतं नाव दिलं तरी फरक पडतो.

आमच्या केंद्रात त्याच वर्षी एक पट्टी आली होती. डोक्याला बांधायची, कापडी, जेमतेम रुमालाच्या वजनाची. मेंदूतल्या विजेमुळे तयार होणारं अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तिच्यातले संवेदक कवटीच्या बाहेरून टिपतात आणि आतला बदाम किती तापला आहे, याचा अंदाज संगणक पडद्यावर दाखवतो. शांत असला तर राखाडी, मग नारिंगी, मग लाल. आमच्या तंत्रज्ञाने त्या ठिपक्याला 'शेगडी' असं नाव देऊन टाकलं होतं. पट्टी मनातलं वाचत नाही. आच किती आहे एवढंच सांगते, जळतंय काय ते नाही.

ती बनवली होती बोलू शकणाऱ्यांसाठी. मला वाटलं, न बोलू शकणाऱ्याच्या वतीने दुसऱ्या कुणी शब्द उच्चारला तर? हिंदुरावांचा शब्द उच्चारण्याचा रस्ता तुटला होता, ओळखण्याचा रस्ता शाबूत होता. बरोबर शब्द कानावर पडला तर आत कुठेतरी 'हेच ते' असं होईल का?

पट्टीबरोबर चौसष्ट शब्दांची यादी आली होती. मी ती संथपणे वाचली. भीती. दुःख. चिंता. निराशा. एकाकीपणा. शेगडी लालच्या लाल. मधूनच जरा हलल्यासारखी व्हायची आणि पुन्हा पेटायची. यादी संपली.

"ही कसली पुस्तकातली नावं?" कोपऱ्यात बसलेल्या शालनताई म्हणाल्या. "घरात असं कोण बोलतंय?"

"मग तुम्ही बोला," मी म्हणाले. खरं तर जरा चिडूनच म्हणाले.

त्या खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसल्या. "धसका घेतलाय का वो? जीवाला घोर लागलाय? कसनुसं हुतंय?" प्रत्येक शब्दाला पडद्यावर बारीकशी थरथर व्हायची, एवढंच. मग त्या थांबल्या. पदर सारखा केला. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अवो, मी आंघोळ घालते तवा... कानकोंडं हुतं का तुमास्नी?"

शेगडी विझली.

लालाची नारिंगी झाली, नारिंगीची राखाडी, चार सेकंदांत. कुणी फुंकर घालावी तशी. हिंदुरावांचे आखडलेले खांदे खाली आले आणि त्यांनी असा श्वास सोडला, जसा कुणी डोक्यावरची पाटी उतरवून सोडतो.

मी पंधरा वर्षं या कामात आहे. मेंदूची हजारो चित्रं पाहिली आहेत. तरी असं काही कधी पाहिलं नव्हतं. 'लाज' हा शब्द यादीत होता आणि मी तो वाचलाही होता. त्याने काही झालं नव्हतं. आपल्या माणसापुढे नजर वर करवत नाही, ती अवघडलेली लाज नेमकी 'कानकोंडं' याच शब्दात होती. शब्द म्हणजे शेवटी काय, हवेची थरथर. ती कानातून आत गेली आणि कवटीच्या अंधारात एका मांसाच्या गाठीने ती ओळखली, मानली. डोळ्यांसमोर घडलं नसतं तर मी विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या दिवसापासून शालनताई आंघोळीच्या वेळी पाठ करून उभ्या राहू लागल्या. साबण तेवढा मागे हात करून द्यायच्या. हिंदुरावांची सकाळची चिडचिड आठवड्यात निम्म्यावर आली.

पुढचे पंधरा दिवस मी नुसती बघत राहिले. शालनताई सकाळी दहाला यायच्या आणि घरातलं एकेक आठवून विचारायच्या. नातेवाईक भेटून जातात तेव्हा काय वाटतं? बरेच शब्द फुकट गेले. मग 'उबग' म्हटल्यावर शेगडी झटकन उतरली. टीव्हीवर नवा निवेदक बोलतो तेव्हा? "राग येतो? वाईट वाटतं?" पडदा ढिम्म. "हेवा वाटतो, व्हय?" शेगडी अशी धपकन विझली की हिंदुराव स्वतःच हसले. आजारानंतरचं ते पहिलं हसू.

"अडतीस वर्षांचा संसार झाला," शालनताई मला म्हणाल्या. "या पंधरा दिवसांत जेवढं कळलं, तेवढं तवा न्हाई कळलं. हा माणूस आतनं असा हाय, मला काय ठावं?"

पण साडेचारचा झटका जात नव्हता. त्याला नाव सापडत नव्हतं. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, तगमग. मैदान सुटल्याचं दुःख, मरणाची भीती. आम्ही सगळं करून पाहिलं. शेगडी धगधगत राहायची. चौथा आठवडा संपत आला. सोमवारी डॉक्टर डोस वाढवणार होते, आणि शनिवारी दुपारी रणजित आला.

रणजित हा त्यांचा एकुलता मुलगा, तेहेतीस वर्षांचा. पुण्यात गाड्यांच्या बॅटऱ्या तपासायच्या कारखान्यात होता. त्याच्याबद्दल शालनताईंनी मला व्हरांड्यात बसून सांगितलं होतं. हिंदुरावांनी त्याला तालमीत वाढवलं, पैलवान केलं. एकोणीस वर्षांचा असताना एका मैदानात समोरच्याने त्याला उचलून टाकलं आणि तो डोक्यावर पडला. हातपाय हलेनात. तेव्हा मंचावर माइक घेऊन उभे होते हिंदुरावच.

"पोरगं मातीत निपचित पडलंय आणि ह्यांचं तोंड चालूच," शालनताई म्हणाल्या होत्या. "मंचावरनं खाली उतरले न्हाईत. स्ट्रेचर गेलं तरी बोलत हुते. काय बोलत हुते ते मला आठवत न्हाई. नुसता आवाज कानात घुमत हुता." रणजित तीन महिन्यांनी दवाखान्यातून चालत बाहेर पडला, पण तालमीत परत गेला नाही. बापाने विचारलं नाही, मुलाने सांगितलं नाही. तो पुण्याला गेला आणि चौदा वर्षं दोघांचं बोलणं औषध नि पाऊसपाणी यापुढे गेलं नाही. "आबा रागावलेत तुझ्यावर, असं मीच त्याला सांगत आले," त्या म्हणाल्या. "मला तसंच वाटायचं."

रणजित आला तोच त्रासलेला. "मॅडम, मला तुमचा अपमान करायचा नाही, पण आबांना त्रास होतोय. डोस वाढवून टाका ना. हा खेळ कशाला?"

मी काही बोलण्याआधीच त्याचं लक्ष पडद्याकडे गेलं. हिंदुरावांच्या डोक्याला पट्टी होती. मुलाने खोलीत पाऊल टाकल्यापासून शेगडी लालभडक झाली होती.

"बघितलंस आई?" तो कडवट हसला. "मी आलो की पेटतात. अजून राग आहे." मग माझ्याकडे वळला. "मी विचारू शकतो का त्यांना? ह्या मशीनवर?"

"नाही," मी म्हणाले आणि पट्टी काढून टेबलावर ठेवली. केंद्राचा नियम होता. आत्ता काय वाटतंय एवढंच विचारायचं, जुनं उकरायचं नाही. बोलता न येणाऱ्या माणसाला 'सांगणार नाही' असं म्हणता येत नाही. त्याच्या डोक्याला पट्टी बांधून त्याचं काळीज उघडणं म्हणजे उपचार नव्हे, झडती झाली. मी हे रणजितला समजावून सांगत होते, तेवढ्यात मागे खुडबुड झाली. हिंदुरावांनी डाव्या हाताने टेबलावरची पट्टी ओढून घेतली होती. एका हाताने ती नीट बसेना. तरी त्यांनी ती तिरकी का होईना, डोक्यावर चढवली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"बघा," ते म्हणाले.

मी बाजूला झाले.

रणजित वडिलांसमोर उभा राहिला. "राग?" काही नाही. "माझी लाज वाटली? तालीम सोडली म्हणून?" काही नाही. "अपेक्षाभंग झाला?" शेगडी तशीच. "नावडतो का मी तुम्हाला?" आता ती वाढलीच. "पश्चात्ताप?" किंचित उतरली, पुन्हा चढली. त्याचे शब्द संपत चालले होते. घड्याळात चार वीस झाले होते. हिंदुरावांच्या कपाळावर घाम दिसू लागला, डावा हात खुर्चीची कड चाचपू लागला. आता बास, असं मी म्हणणार होते.

रणजित मटकन खाली बसला, वडिलांच्या पायांशी, फरशीवर.

"मला नाही सापडत, आबा," तो म्हणाला. "मग माझंच सांगतो. मी पडलो तेव्हा मला हातपाय जाणवत नव्हते. डोळ्यांत माती गेलेली. काही दिसत नव्हतं. नुसता तुमचा आवाज येत होता. तुम्ही खाली का आला नाहीत, म्हणून मी चौदा वर्षं चिडून आहे. पण तेव्हा, त्या मातीत, मी चिडलो नव्हतो. मला वाटत होतं, हा आवाज येतोय तोवर मी आहे. आवाज थांबला की मी गेलो. मला एकच धास्ती होती, की तुम्ही थांबाल."

मी पडद्यावर बोट आपटलं, कारण मला वाटलं तो बंद पडला. बंद नव्हता. शेगडी पूर्ण विझली होती. इतकी राखाडी मी त्यांच्या बाबतीत कधीच पाहिली नव्हती, झोपेतसुद्धा नाही.

हिंदुरावांनी डावा हात पुढे करून मुलाच्या मानेवर ठेवला. ते रडत होते. आवाज न करता, तोंड उघडं टाकून.

"अगंबाई," शालनताई पुटपुटल्या. त्या जागच्या उठून नवऱ्याजवळ आल्या. "तुमास्नी बी तेच वाटत हुतं? थांबलो तर पोरगं जाईल?" हिंदुरावांनी मान हलवली, एकदा, दोनदा, मग हलवतच राहिले. शालनताईंनी तोंडावर पदर धरला. "आनि आता आवाज बंद पडला," त्या म्हणाल्या. "म्हणून हो. म्हणून रोज."

नंतर कळलं, रणजितची ती कुस्ती दुपारी साडेचारला लागली होती.

त्या दिवशी साडेचार वाजले आणि पावणेपाच झाले. खोलीत तिघंही एकमेकांना धरून बसले होते. मी खिडकीशी उभी होते. एका मंचावरून एक बाप बोलत होता आणि खाली मातीत एक मुलगा ऐकत होता, दोघांच्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट पेटलेली होती आणि चौदा वर्षं एकालाही दुसऱ्याचं माहीत नव्हतं. आपण मेंदूचे नकाशे काढतो, पेशी मोजतो. एवढं सगळं 'धास्ती' या एका साध्या शब्दामागे दडून बसलेलं असेल, याची मला कल्पना नव्हती. मला कुणासमोर तरी हात जोडावेसे वाटले. कुणासमोर, ते कळलं नाही.

सोमवारी डोस वाढला नाही. झटके एकदम गेले असं नाही. आठवड्यातून एखादा यायचा, पण दहा मिनिटांत ओसरायचा. आज हिंदुरावांकडे साठ-सत्तर शब्द आहेत.

पट्टीचं म्हणाल तर ती आता दुकानात मिळते. नवराबायको भांडताना एकमेकांच्या डोक्याला बांधतात, असं ऐकते. एका कंपनीने नोकरीच्या मुलाखतीत वापरली, तेव्हा आम्ही काही जणांनी सह्या करून विरोध केला. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की मी पाहिलेल्या माणसाने ती स्वतःच्या हाताने डोक्यावर चढवली होती.

पण मला सांगायचं आहे ते त्या शनिवारनंतरच्या रविवारचं. हिंदुराव घरी कसे आहेत ते पाहायला मी दुपारी कसबा बावड्याला त्यांच्याकडे गेले. रणजित पुण्याला निघायच्या तयारीत होता. तीन वाजता त्याची गाडी फाटकाबाहेर पडली आणि हिंदुरावांचा हात दाराच्या चौकटीकडे गेला. बोटं आवळली, श्वास वाढला. पट्टी माझ्या पिशवीत होती. मी ती काढणार, तोच शालनताई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"धास्ती वाटतीया," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो. "पोरगं वाटेवर हाय, म्हणून."

हिंदुरावांनी मान हलवली. बोटं थोडी सैल झाली. मी पिशवीची चेन परत लावली.

आम्ही चहा घेत होतो तेव्हा फोन वाजला. शालनताईंनी तो स्पीकरवर टाकून हिंदुरावांच्या पुढ्यात ठेवला.

"आबा, ऐकताय ना?" रणजितचा आवाज आला. "गाडी आपली आपण चालतीय, मला काही काम नाही. म्हणून म्हटलं, जरा बोलावं." तो खाकरला. "तर... डाव्या हाताला ऊस आहे. उजव्या हाताला पण ऊसच. पुढं एक ट्रॅक्टर चाललाय, दोन ट्रॉल्या लावून. आता आम्ही त्याच्या बरोबरीला आलोय... आणि टाकला मागं!"

सुरुवातीला त्याला अवघडल्यासारखं होत होतं, ते ऐकू येत होतं. मग जमू लागलं. किणीचा टोलनाका आला, तिथली गर्दी त्याने सांगितली. एक कुत्रं आडवं आलं, तेही सांगितलं. हिंदुराव फोनकडे वाकून बसले होते. चहा निवत होता. साडेतीन वाजले तरी तो बोलतच होता. मग त्याला ठसका लागला आणि पाणी प्यायला तो थांबला.

फोनमधून नुसती गाडीची घरघर येऊ लागली. हिंदुराव सरसावून बसले. मी आणि शालनताईंनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, जुळत होते, सुटत होते. गळ्याची शीर ताणली गेली.

"पुढं," हिंदुराव म्हणाले.

स्वच्छ, खणखणीत. तीन महिने सरून चौथाही सरला होता आणि त्यांच्या तोंडून 'बघा' सोडून निघालेला तो पहिला शब्द होता. शालनताईंच्या हातातली बशी कलली आणि चहा मांडीवर सांडला, तो त्यांना कळलाही नाही.

पलीकडे पाण्याची बाटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वारणेच्या पुलावर आलोय, आबा," मग रणजित म्हणाला. आता तो थांबला नाही. "नदीला पाणी कमी आहे. दोन म्हशी बसल्यात पाण्यात. एक माणूस कपडे धुतोय. आता पूल संपत आलाय..."